कोय कलम: हंगाम ओळखण्यापासून कलम जगवण्यापर्यंत

कोकणात ‘कलम’ हा शब्द कृतीपेक्षा झाडासाठीच अधिक वापरला जातो. ‘आमची चाळीस कलमे आहेत’ असे बागाईतदार सांगतो, तेव्हा ती हापूसची झाडे आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. कोयीपासून आपसूक उगवून वाढलेले झाड मात्र पन्नास वर्षे फळे देत असले तरी ‘रायवळ’च राहते. या भेदाला पक्के कारण आहे. हापूसच्या कोयीतून एकच अंकुर येतो आणि तो परागसंकरातून तयार झालेला असतो, त्यामुळे हापूस खाऊन पुरलेल्या कोयीचे झाड हापूसचे फळ देईल याची काहीच खात्री नसते. जात जशीच्या तशी पुढे न्यायची, तर तिची काडी, म्हणजे फुटीचा तुकडा, दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या रोपावर, चढवावीच लागते. सोळाव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीज पाद्र्यांनी हीच युक्ती वापरून आंब्याच्या जाती स्थिर केल्या असे मानले जाते. त्यांच्या ‘आफोन्सो’चा पुढे आपल्या तोंडी ‘हापूस’ झाला.

त्यानंतर दीर्घकाळ आपल्याकडे भेट कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच रोप भिडवून बांधलेले कलम, चालत आले. अलीकडच्या काही दशकांत मात्र कोय कलम, म्हणजे नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधून केलेले कलम, रूढ झाले असून कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत रोपवाटिकांपर्यंत आणि तिथून शेतकऱ्यांच्या अंगणापर्यंत पोहोचवली. एका पावसाळ्यात, थोड्या जागेत, फारशा साधनांशिवाय शंभर-दोनशे कलमे घरी बांधता येतात, म्हणून या लेखात मुख्यतः तिचाच विचार केला आहे. अन्य फळझाडांच्या पद्धती शेवटी, जिथे वेगळेपणा आहे तेवढ्याच, दिल्या आहेत.

आत नेमके काय घडते

साल आणि लाकूड यांच्या मधोमध एक पातळ, ओलसर, हिरवट थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. खोडाची जाडी वाढवणाऱ्या पेशी याच थरात असतात. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना चिकटून राहिला, तर दोन्हींकडून मऊ, पांढरट पेशींचा भराव तयार होतो, तो मधली फट बुजवतो आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातून पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिका जोडल्या जातात. नारळ, सुपारी आणि केळी यांच्या खोडात असा अखंड थरच नसल्यामुळे त्यांचे कलम होत नाही.

हा पेशींचा भराव कोरड्या हवेत काही तासांतच सुकतो, तर जोडात पाणी शिरल्यास कुजतो. शिवाय नलिका जुळेपर्यंत काडीला खालून काहीही मिळत नाही, त्यामुळे तिला स्वतःजवळच्या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात. हवा दमट हवी, जोड कोरडा हवा आणि काडी भरलेली हवी, या तीन गरजांतूनच कलमाचे सगळे वेळापत्रक ठरते.

हंगाम आणि उलटी गणती

कोकणात मध्य जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत कोय कलमे बांधली जातात. या काळात हवेतील आर्द्रता टिकून असते, उष्णता सौम्य असते आणि ताज्या कोयी हाताशी असतात. सप्टेंबरनंतर रोपे निबर होतात, ऑक्टोबरच्या उन्हात कोवळ्या काड्या तग धरत नाहीत. तथापि ‘जुलैत कलमे बांधावीत’ एवढ्या माहितीवर काम भागत नाही. खुंटाची अवस्था आणि काडीची अवस्था या दोन्ही एकाच आठवड्यात जुळून याव्या लागतात, आणि त्यासाठी बांधणीच्या दिवसापासून मागे मोजत यावे लागते.

समजा, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बांधणी करायची आहे. खुंट त्या वेळी दहा ते पंधरा दिवसांचा हवा, म्हणजे अंकुर जूनच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीबाहेर दिसला पाहिजे. कोय रुजायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून पेरणी १० जूनच्या आसपास व्हायला हवी. काडीची पाने बांधणीच्या आठ ते दहा दिवस आधी छाटावी लागतात, म्हणजे ते काम जुलैच्या पहिल्या दोन-चार दिवसांत येते. सर्व कोयी एकाच दिवशी रुजत नाहीत. म्हणून पाने छाटण्याचे काम तीन-तीन दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने करावे, म्हणजे रोज तयार होणाऱ्या रोपांना रोज तयार काडी मिळते. नवख्यांची बहुतेक कलमे चाकूच्या चुकीने मरत नाहीत, या गणतीच्या चुकीने मरतात, असे माझे मत आहे.

कोयी निवडणे आणि रुजवणे

खुंटासाठी रायवळ आंब्याच्या कोयी घ्याव्यात. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळांच्या, टपोऱ्या आणि ताज्या कोयी असाव्यात. आंब्याचे बी धान्यासारखे साठवता येत नाही. ते वाळले की मरते आणि महिनाभरानंतर रुजण्याची आशा फारच कमी उरते. त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी उन्हात वाळत टाकून जूनमध्ये पेरणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. गर धुऊन, सावलीत निथळून, शक्यतो आठवड्याच्या आत कोयी पेराव्यात. त्याआधी त्या पाण्याच्या टोपात टाकाव्यात आणि ज्या तरंगतील त्या काढून टाकाव्यात. त्यांच्या आतला गाभा सुकलेला किंवा भुंग्याने पोखरलेला असतो.

सुमारे एक मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करून त्यात कोयी शेजारी शेजारी मांडाव्यात आणि वर माती व कुजलेल्या पालापाचोळ्याचा पातळ थर पसरावा. रोपवाटिकांत असेच करतात, कारण रुजलेली रोपे कोयीसकट उपटून, बाकावर बसून एका माणसाला भराभर कलमे बांधता येतात. घरच्या घरी पंचवीस-पन्नास कलमे करणाऱ्याने मात्र कोयी थेट पिशवीत पेराव्यात. रोप हलवावे लागत नाही, मुळांना इजा होत नाही आणि आपल्या संथ हाताला खुंट वाट पाहू शकतो. साधारण १५ बाय २५ सेंटिमीटरच्या पिशवीला तळाशी छिद्रे पाडून दोन भाग पोयटा माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरावे. शेणखत कच्चे असेल तर हुमणी आणि बुरशी दोन्ही पिशवीत येतात.

काडीची तयारी

ज्या झाडाची काडी घ्यायची ते झाड आपण फळावर आलेले पाहिलेले असावे. ही अट कंटाळवाणी वाटेल, पण ‘हापूस’ म्हणून आणलेल्या कलमाला सात वर्षांनी भलतेच फळ लागल्यावर दाद मागायला जागा उरत नाही. मातृवृक्ष निरोगी, दरवर्षी बऱ्यापैकी धरणारा आणि शक्यतो पॅक्लोब्युट्राझोल न घातलेला असावा. त्या संजीवकाने फुटीची वाढ खुंटते आणि पेरे आखूड पडतात.

उन्हाचा मारा मिळणाऱ्या बाहेरच्या फांद्यांची तीन ते चार महिने वयाची शेंड्याकडची फूट निवडावी. ती हिरवट, गोल, पेन्सिलीहून जराशी बारीक आणि टोकाचा डोळा फुगलेला पण न उमललेला अशी असावी. झाडावर असतानाच या फुटीची सर्व पाने कापावीत, मात्र देठाचा साधारण एक सेंटिमीटर भाग काडीवर राहू द्यावा. आठ-दहा दिवसांत देठ पिवळे पडतात आणि बोट लावताच गळून पडतात. तोपर्यंत टोकाचा डोळा टरारलेला असतो. काडी भरली, ती याच दिवशी. देठ ओढावा लागत असेल तर आणखी दोन दिवस थांबावे. डोळ्यातून पालवी बाहेर डोकावू लागली असेल तर ती काडी सोडून द्यावी.

पहिल्या वर्षी मी ही पायरी अनावश्यक समजून टाळली होती. सकाळी काड्या तोडल्या, तिथेच पाने काढली आणि दुपारपर्यंत पंचवीस कलमे बांधून झाली. पंधरा दिवस सगळ्या काड्या हिरव्यागार होत्या, त्यामुळे मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्याही. तिसऱ्या आठवड्यात त्या शेंड्याकडून काळ्या पडत गेल्या. जगली ती दोन.

काड्या सकाळी तोडाव्यात. दूरच्या गावाहून आणायच्या असतील तर ओल्या गोणपाटात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. अशा तीन-चार दिवस टिकतात. पाण्याच्या बादलीत बुडवून मात्र ठेवू नयेत.

बांधणी

चाकू एका बाजूने धार असलेला, दगडावर लावलेला आणि स्पिरिटने पुसलेला असावा. बोथट पातीने कापलेल्या पेशी चिरडतात आणि चिरडलेल्या पेशी जुळत नाहीत. सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब अशा पातळ पॉलिथीनच्या पट्ट्या आधीच कापून ठेवाव्यात, कारण काप घेतल्यावर पट्टी शोधत बसण्यात जाणारी दोन मिनिटेही महाग पडतात. काम छपराखाली करावे. पावसाचा एक थेंबही जोडात जाता कामा नये.

खुंटाचे खोड आणि पाने अजून तांबूस असतील तर वेळ योग्य आहे. कोयीपासून सहा ते आठ सेंटिमीटरवर शेंडा आडवा छाटावा. छाटलेल्या टोकाच्या बरोबर मधून खाली चार सेंटिमीटरपर्यंत उभा काप द्यावा. काप देताना चाकू दाबू नये, किंचित मागेपुढे ओढत उतरवावा, नाहीतर कोवळे खोड एका बाजूने फाटते. खाली जोडलेली कोय कोणत्याही स्थितीत निखळू देऊ नये. या वयात रोपाची मुळे अपुरी असतात आणि सगळे अन्न त्या कोयीच्या दोन डाळिंब्यांतूनच येत असते.

दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीच्या काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चार-चार सेंटिमीटरचे सपाट उतार घेऊन पाचर करावी. प्रत्येक उतार एकाच सलग ओढीत घ्यावा. तासत बसल्यास पृष्ठभागावर लाटा पडतात आणि जोडात पोकळी राहते. तयार पाचर उजेडाकडे धरून तपासावी. कापलेल्या भागाला बोट लावू नये. पाचर खुंटाच्या कापात अलगद तळापर्यंत बसवावी. काडी आणि खुंट एकाच जाडीचे असतील तर दोन्हीकडच्या साली जुळतील. काडी बारीक असेल तर तिला मध्ये ठेवण्याचा मोह टाळून एका कडेला सरकवावे, म्हणजे निदान एका बाजूचा कॅम्बियम तरी जुळतो. एक बाजू नीट जुळली तर कलम जगते, दोन्ही बाजू थोड्या थोड्या चुकल्या तर जगत नाही.

पट्टी जोडाच्या खालून सुरू करून वर न्यावी आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर अर्धा चढवावा. छपरावर कौले जशी वळचणीकडून वर रचत नेतात, तशीच ही रचना असल्याने वरून आलेले पाणी बाहेरून ओघळते, आत शिरत नाही. वेढा ताणून घट्ट द्यावा. कोवळ्या खोडाला इजा होईल या भीतीने ढिला बांधलेला जोड हमखास वाया जातो.

उपटून बांधलेली कलमे लगेच पिशवीत लावावीत. लावण्यापूर्वी मुळे आणि कोय कार्बेन्डेझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (एका लिटरला एक ग्रॅम) पाच मिनिटे बुडवल्यास बुंधाकुजीचे प्रमाण कमी होते. त्यानंतर काडीवर पेप्सी-कुल्फीच्या पॉलिथीन नळीची टोपी चढवून तिचे तोंड जोडाखाली बांधावे. या स्वस्त टोपीच्या आत हवा सतत दमट राहते, आणि पावसाने उघडीप दिली तरी काडी सुकत नाही.

पहिले तीन महिने

कलमे शेडनेटखाली किंवा झाडाच्या विरळ सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी ओळीने ठेवावीत. पावसाळ्यात वेगळे पाणी बहुधा द्यावेच लागत नाही. पिशवीतील माती बोटाने चाचपून कोरडी वाटली तरच द्यावे. पंधरा ते वीस दिवसांत डोळा फुटू लागतो. पालवी टोपीला टेकण्यापूर्वी, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी, टोपी काढावी. भर दुपारी काढल्यास कोवळी पाने तासाभरात मान टाकतात.

खुंटावर जोडाच्या खाली येणारी प्रत्येक फूट दिसताक्षणी नखाने खुडावी. ती रायवळची फूट असते आणि काडीपेक्षा जोमाने वाढून सगळे अन्न ओढून घेते. आठवड्यातून एकदा ओळीतून फिरले तरी पुरते, पण ते फिरणे चुकवू नये.

अपयशाची लक्षणे वेळेवरून ओळखता येतात. काडी पहिल्याच आठवड्यात वरून काळी पडली, तर ती कोवळी होती किंवा टोपीत बुरशी शिरली. काडी फुटली, दोन पाने काढली आणि मग सुकली, तर ती केवळ स्वतःच्या शिदोरीवर फुटली होती, जोड जुळलाच नव्हता. दोष काप किंवा बांधणीचा. महिना उलटूनही काडी हिरवी पण मुकी राहिली, तर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर धीर धरावा, डोळा झोपलेला आहे. खुंट जमिनीलगत मऊ पडून आडवा झाला असेल, तर ती बुंधाकूज आहे. ते कलम पिशवीसकट दूर न्यावे आणि शेजारच्या पिशव्यांचा निचरा तपासावा.

जोडावरची पट्टी दोन ते तीन महिन्यांनी, नवी पाने पक्की हिरवी झाल्यावर सोडावी. ती विसरली तर खोड जाड होताना काच पडतो आणि वर्षभराचे निरोगी कलम वाऱ्याने नेमके तिथेच मोडते. अशी मोडलेली कलमे पाहून वाईट वाटते, कारण त्यात अवघड असे काहीच नसते, केवळ पट्टी सोडायची राहिलेली असते.

खुंट निबर झाला तर, आणि इतर झाडे

पाने हिरवी होऊन खोड कडक झालेली रोपे टाकून देऊ नयेत. त्यांना नवी तांबूस फूट आली की त्याच कोवळ्या फुटीवर वरीलप्रमाणेच पाचर बसवता येते. याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. शेतातच कोय लावून, वर्षभर वाढवून, जागेवर हे कलम केल्यास सोटमूळ शाबूत राहते, म्हणून कमी पावसाच्या प्रदेशात मला हा मार्ग विकतच्या कलमापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. जुन्या रायवळीचे रूपांतरही याच तत्त्वाने होते. पावसाळ्याच्या तीन-चार महिने आधी फांद्या छाटून, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावून, येणाऱ्या धुमाऱ्यांपैकी चार-पाच जोमदार ठेवावेत आणि पावसाळ्यात त्यांवर हापूस चढवावा. कापलेल्या खोडाला भिरूड ही खोड पोखरणारी कीड लागते, तेव्हा भुसा पडतो का यावर लक्ष ठेवावे.

काजूचे मृदुकाष्ठ कलम दीड-दोन महिन्यांच्या रोपावर होते. त्याचा चीक कातडी भाजतो, म्हणून हाताला तेल लावावे आणि चाकू वारंवार पुसावा. कोकमाचे कलमही याच रीतीने होते, पण तिथे एक खुबी आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि कोणते झाड कोणते हे ते फुलोऱ्यावर येईपर्यंत काही वर्षे कळत नाही, म्हणून मादी झाडाची काडी महत्त्वाची. त्यातही उभ्या वाढणाऱ्या फुटीची काडी घेतली तरच झाड सरळ चढते. आडव्या फांदीची काडी लावली तर झाड आयुष्यभर जमिनीलगत पसरत राहते.

चिकूसाठी खुंट खिरणीचा असतो. ती फार सावकाश वाढत असल्याने कलमायोग्य जाडीला दीड-दोन वर्षे लागतात. डहाणू-घोलवडच्या कालीपत्तीसारख्या जातीचे भेट कलम करताना खिरणीची पिशवी मांडवावर ठेवून फांदीपर्यंत उंचावतात, दोन्हींची साल तासून बांधतात आणि दोन-तीन महिन्यांनी फांदी आधी अर्धी व नंतर पूर्ण कापतात. काडी तोपर्यंत मूळ झाडाचेच अन्न खात असल्यामुळे ही पद्धत संथ पण निर्धोक आहे.

बोर आणि संत्रे यांना काडी लागत नाही, एक डोळा पुरतो. तिथे हंगामाची खूण वेगळी: साल लाकडापासून ओलेपणाने सहज सुटली पाहिजे. ती चिकटून येत असेल तर त्या दिवशी डोळा भरू नये. रानबोर मार्च-एप्रिलमध्ये छाटून, आलेल्या नव्या धुमाऱ्यावर जून-जुलैत उमराणचा डोळा भरतात. विदर्भात नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर हिवाळ्यात बांधतात आणि तो जमिनीपासून २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर असावा लागतो, कारण जोड मातीजवळ राहिला की डिंक्या रोगाची बुरशी थेट संत्र्याच्या सालीला गाठते. द्राक्षात डॉगरिजचे खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात लावून ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत जागेवरच पाचर कलम केले जाते.

लावणीपर्यंत

घरच्या गरजेपुरती कलमे बांधायला कोणाची अडकाठी नाही, परंतु ती विकायची असतील तर १९६९ च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका कायद्यानुसार कृषी विभागाचा परवाना घ्यावा लागतो. प्रत्येक पिशवीला मातृवृक्ष आणि बांधणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यातील कलमे अधिक जगली हे या चिठ्ठ्यांवरूनच कळते आणि आपल्या गावच्या हवेचा खरा हंगाम हाती येतो.

वर्षाचे कलम पुढच्या जूनमध्ये दहा बाय दहा मीटर अंतरावर लावावे, जोड मातीच्या वर स्पष्ट दिसेल असा ठेवावा, बांबूचा आधार द्यावा. कलमाची काडी मुळात फळत्या झाडाची असल्याने कित्येकदा पिशवीतच मोहोर येतो. घेणारा त्यावर खूश होतो आणि विकणारा तो मुद्दाम दाखवतो, पण तो मोहोर लगेच खुडावा, आणि झाडाचा घेर तयार होईपर्यंत पुढची तीन वर्षेही तसाच खुडत राहावा.